पैनगंगा खोऱ्यातील विहारस्थळे

महाराष्ट्राच्या मराठवाडा व विदर्भ या विभागांच्या सीमेवरील पैनगंगा नदीकाठचे वनाच्छादित व डोंगराळ विहारक्षेत्र. वरच्या अंगास इसापूर जलाशय व खालच्या अंगास उनकेश्वरचे उष्णोदकाचे झरे यांच्या दरम्यानच्या या टापूत नांदेड जिल्ह्यातील हदगाव, हिमायतनगर, किनवट व माहूर आणि यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, महागाव व उमरखेड या तालुक्यांचे भाग येतात. सहस्रकुंड धबधबा, पैनगंगा अभयारण्य, माहूरची शिखरे व किल्ला आणि उनकेश्वर ही येथील मुख्य स्थळे होत. या सर्वांना मिळून एखाद्या उद्यानाचे नाव नाही वा एकच व्यवस्थाही नाही. तथापि नदी, वन, डोंगर, जलाशय व देवस्थाने इतक्या थोड्या अंतरात एकत्र आल्यामुळे मराठवाड्यात बारमाही निसर्गविहारासाठी याहून योग्य असे दुसरे खोरे क्वचितच दाखविता येईल. ‘बारमाही’ हा शब्द मात्र येथे जपून वापरावा लागतो. खोरे वर्षभर खुले असले, तरी त्यातील एकही स्थळ वर्षभर सारखे राहत नाही. एक मोसम जे स्थळ उघडतो, ते पुढचा मोसम बंद करतो. नदीत पाणी केव्हा व किती असावे, हे आता केवळ पावसावर अवलंबून राहिलेले नाही. त्यामुळे या विहारक्षेत्राचा विचार पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. वाशीम, हिंगोली, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतून किंवा त्यांच्या सीमांवरून वाहत जाऊन ती पुढे काही अंतर महाराष्ट्र व तेलंगणा या राज्यांची सीमा होते व अखेर चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीस मिळते. कयाधू, पूस, अरुणावती या तिच्या उपनद्यांपैकी काही होत. आग्नेयीकडे वाहत आलेली नदी सहस्रकुंडानंतर मोठे वळण घेऊन उत्तरेच्या दिशेने जाते आणि माहूरच्या डोंगरांना वळसा घालून पुन्हा पूर्वेकडे वळते. या वळणाच्या आतबाहेर पसरलेल्या खडबडीत प्रदेशात शेतीस सपाट जमीन कमी आहे. वने टिकून राहण्याचे ते एक मुख्य कारण होय. उमरखेड तालुक्यातील वनप्रदेशास स्थानिक लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. नांदेड जिल्ह्याचे बहुतेक वनक्षेत्र किनवट, माहूर, हिमायतनगर व भोकर या तालुक्यांत एकवटले आहे. जिल्ह्याच्या दक्षिण व पश्चिम भागांत उघडी काळी शेते व बाभळी पाहण्याची सवय झालेल्या प्रवाशास भोकर सोडल्यावर लागणारी सागाची राई हा वेगळाच मुलूख वाटतो. राजकीय दृष्ट्याही किनवटचा इतिहास वेगळा आहे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्यपुनर्रचनेच्या वेळी तो नांदेड जिल्ह्यात आला. येथील बाजारात मराठीबरोबर गोंडी, बंजारा, तेलुगू व दखनी उर्दू या भाषा अद्याप ऐकू येतात.

खोऱ्याच्या बहुतेक भागात दक्षिण ट्रॅपचा काळा कातळ आढळतो. पूर्वेकडे या ट्रॅपची कड जवळ येते व त्याखालचे अधिक प्राचीन खडक उघडे पडू लागतात. वणी-आदिलाबाद भागातील चुनखडकांच्या श्रेणीस भूविज्ञानात पैनगंगेचेच नाव मिळाले आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचलेले असून ते सर्व सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट बेसाल्टाच्या थरांमध्ये सच्छिद्र, मृदू थर व गेरूच्या रंगाचे पातळ पट्टे असतात. नदी मृदू थर लवकर झिजविते आणि कठीण थराची कड पुढे उरते. अशा रचनेतूनच या प्रदेशातील लहानमोठे धबधबे निर्माण झाले आहेत.

सहस्रकुंड : किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळ पैनगंगेच्या पात्रात हा धबधबा आहे. नदीची एक बाजू नांदेड जिल्ह्यात व दुसरी यवतमाळ जिल्ह्यात मोडते. धबधब्याची उंची फार नाही. भंडारदरा किंवा गिरसप्पा पाहून आलेल्या प्रवाशाची उंचीच्या बाबतीत येथे निराशा होईल. सहस्रकुंडाचे वैशिष्ट्य त्याच्या रुंदीत व पात्राच्या कोरीवपणात आहे. काळ्या कातळाच्या विस्तीर्ण फरशीवरून येणारा प्रवाह कडेशी अनेक धारांत फुटतो व खालच्या अरुंद घळईत कोसळतो. पुराच्या दिवसांत या धारा एक होऊन मातकट रंगाचा एकच पडदा तयार होतो व तुषार काठावरच्या लोकांपर्यंत येतात. ‘सहस्रकुंड’ हे नाव कातळातील असंख्य कुंडांवरून पडले आहे. ही कुंडे म्हणजे रांजणखळगे होत. प्रवाहातील गोटे खडकाच्या एखाद्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्याबरोबर फिरत राहतात व जात्याप्रमाणे खडक कोरीत जातात. गोटे झिजून नाहीसे होतात, त्यांची जागा नवे गोटे घेतात आणि खळगा खोल होत राहतो. परशुरामाच्या बाणाने येथे नदीस वाट मिळाली व म्हणून ती ‘बाणगंगा’, तिचे पुढे ‘पैनगंगा’ झाले, अशी आख्यायिका सांगतात. धबधब्याजवळ महादेवाचे मंदिर असून तेथे भाविकांची ये-जा असते.

धबधबा पाहण्याचा काळ सामान्यतः जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतचा होय. सर्वांत मोठे रूप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसते. त्याच काळात तो सर्वांत धोकादायकही असतो. शेवाळलेला बेसाल्ट काचेसारखा निसरडा होतो. पाण्याने भरलेला रांजणखळगा वरून उथळ डबक्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या भिंती उभ्या व गुळगुळीत असल्याने पोहणाऱ्यासही बाहेर पडण्यास आधार सापडत नाही. याखेरीज स्थानिक पाऊस नसतानाही वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे पातळी थोड्या वेळात वाढू शकते. आकाश निरभ्र आहे म्हणून पात्रात उतरणे हा या ठिकाणी फार महागात पडणारा समज आहे. काठावरील गावकरी पाण्याचा रंग गढूळ होऊ लागला व त्यावर पालापाचोळा वाहून येऊ लागला, की गुरे वर आणतात. पाहुण्यांनी त्यांचे अनुकरण करणे इष्ट होय. ऑक्टोबरनंतर धारा बारीक होतात आणि कातळाचे शिल्प उघडे पडू लागते. ज्यास भूरूपे पाहावयाची आहेत, त्याने पावसाळ्यात न जाता डिसेंबर-जानेवारीत जावे. त्या वेळी गर्दी नसते आणि रांजणखळग्यांच्या तळाशी उरलेले गोटेही पाहावयास मिळतात.

वन व अभयारण्य : येथील वने उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग हा मुख्य वृक्ष असून त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस, चारोळी, बेहडा, अंजन व बांबू आढळतात. किनवट-माहूर भागात वार्षिक पाऊस १,००० मिमी.च्या आसपास वा त्याहून अधिक पडतो. मराठवाड्याच्या मध्य भागापेक्षा हे मान लक्षणीय आहे. पैनगंगा अभयारण्याचे क्षेत्र सु. ३२५ चौ. किमी. असून त्याचा मोठा भाग उमरखेड तालुक्यात आहे. खरबी व बिटरगाव ही त्यातील परिचित वनक्षेत्रे होत. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चितळ, रानडुक्कर, तरस, कोल्हा, मोर इ. प्राणी व पक्षी येथे आढळतात. नागझिरा किंवा ताडोबाप्रमाणे हमखास वाघ दिसण्याचे हे ठिकाण नव्हे व तशी जाहिरात करणे प्रवाशांची दिशाभूल करण्यासारखे आहे. तथापि वाघांच्या भ्रमणमार्गाच्या दृष्टीने या अभयारण्याचे महत्त्व मोठे आहे. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ-पट्टा बसविलेला एक तरुण वाघ पैनगंगा अभयारण्य, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम या मार्गाने डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या एकूण भ्रमणाची नोंद पुढे ३,००० किमी.पर्यंत गेली. भारतात नोंदल्या गेलेल्या वाघांच्या भ्रमणांत हे सर्वांत दीर्घ भ्रमणांपैकी एक होय. शेते, रस्ते व लोहमार्ग ओलांडताना त्याने नदीनाल्यांच्या झाडोऱ्याचा आधार घेतल्याचे दिसून आले. पैनगंगेचा काठ वनराईने भरलेला राहिला तरच असा प्रवास शक्य होतो.

वनविहाराचा मोसम पावसाळ्यानंतर सुरू होतो. पावसाळ्यात वनमार्ग चिखलाचे असतात आणि ओढे ओलांडता येत नाहीत. सागाचा मोठ्या झुपक्यांचा पांढुरका फुलोरा मात्र त्याच काळात असतो व तो रस्त्यावरूनही दिसतो. हिवाळ्यात पहाटे नदीकाठी धुके उतरते, दिवस कोरडे व सुखद असतात आणि पायी भटकंतीस हाच काळ सर्वोत्तम होय. फेब्रुवारीत सागाची पाने गळू लागतात. वन उघडेबोडके झाले असता पळसाला बहर येतो व डोंगरउतार केशरी दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात आणि ती वेचण्यासाठी पहाटेच्या अंधारात कुटुंबेच्या कुटुंबे वनात जातात. त्याच वेळी अस्वलेही मोहाखाली येतात. या दिवसांत माणूस व अस्वल यांची गाठ पडण्याचा संभव सर्वाधिक असतो. एप्रिल-मेमध्ये तेंदूपानांचे संकलन चालते. प्रवाशाला जो विहाराचा मोसम वाटतो, तो येथील रहिवाशांच्या वर्षातील मुख्य कमाईचा मोसम असतो. मोहफुले वेचण्याच्या सोयीसाठी झाडाखालचा पाला पेटविण्याची प्रथा आहे. त्यातून वणवे पसरतात. पर्यटकाने फेकलेली विडी किंवा अर्धवट विझविलेली चूलही तितकीच विघातक ठरते.

उन्हाळा हा कठोर असतो व दुपारी पारा ४०° से.च्या पुढे जातो. प्राणिनिरीक्षणास मात्र हाच काळ अनुकूल ठरतो, कारण वनातील पाणवठे थोडे उरतात व प्राणी तेथे येतात. महाराष्ट्रातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद करण्याची पद्धत आहे. अलीकडे तीत नागरिकांनाही वनखात्याकडून सामावून घेतले जाते. शास्त्रीय गणनेचे साधन म्हणून या पद्धतीच्या मर्यादा आता सर्वमान्य आहेत. परंतु चांदण्या रात्री बारा तास न बोलता बसून वन पाहण्याचा जो अनुभव त्यातून मिळतो, त्यास दुसरा पर्याय नाही.

खोऱ्यात गोंड, कोलाम, आंध, परधान या आदिवासी जमाती व बंजारा समाज यांची वस्ती आहे. गोंडांचा दंडारी हा नृत्योत्सव दिवाळीच्या सुमारास चालतो. मोरपिसांचे उंच मुकुट घातलेले घुसाडी व त्यांच्याबरोबरचे नर्तक एका गावाहून दुसऱ्या गावी जातात आणि यजमान गाव त्यांचा पाहुणचार करते. गावागावांतील सोयरसंबंध दृढ करणारा तो एक धार्मिक आचार असून प्रवाशांसाठी मांडलेला खेळ नव्हे. निमंत्रण असेल तर जावे व गावकऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे बसावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

माहूर : खोऱ्यातील खऱ्या अर्थाने बारमाही असे एकमेव स्थळ म्हणजे माहूर होय. त्याचे कारण निसर्गात नसून धर्मपरंपरेत आहे. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी रेणुकामातेचे हे पीठ आणि दत्तशिखर व अनसूयाशिखर ही स्थाने तीन वेगवेगळ्या डोंगरमाथ्यांवर आहेत. एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे जाताना यात्रेकरूस सागवनातून चढउतार करावे लागतात. गिरिभ्रमण हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठवाडा, वऱ्हाड व तेलंगण येथील शेतकरी कुटुंबे येथे गिरिभ्रमण करीत आली आहेत. शारदीय नवरात्रात व दत्तजयंतीस मोठी गर्दी होते. श्रावण पौर्णिमेच्या सुमारास माहूरच्या डोंगरांची परिक्रमा करण्याची प्रथा आहे. भर पावसात, ओढे-नाले तुडवीत होणारी ही वाटचाल म्हणजे या खोऱ्यातील सर्वांत जुनी व सर्वांत मोठ्या सहभागाची पदयात्रा म्हणता येईल.

डोंगरावरील किल्ला रामगड या नावानेही ओळखला जातो. गोंड, बहमनी, निजामशाही, मोगल व आसफजाही असे सत्तांतराचे अनेक पदर त्यास आहेत. तट, दरवाजे, हत्तीखाना व ब्रह्मतलाव यांचे अवशेष पाहण्यासारखे आहेत. तटावरून पैनगंगेचे वळण व पलीकडचा यवतमाळ जिल्ह्याचा मुलूख दृष्टीस पडतो. गावाजवळची प्राचीन लेणी ‘पांडवलेणी’ म्हणून ओळखली जातात. येथील शासकीय वस्तुसंग्रहालयात परिसरातील मूर्ती ठेवल्या आहेत. वझरा गावाजवळचा शेख फरीद धबधबा पावसाळ्यात व त्यानंतर काही आठवडे वाहतो. सोनापीर दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक जातात. यात्राकाळात घाटरस्त्यावर वाहनांची होणारी कोंडी व प्लास्टिकचा कचरा हे अलीकडचे प्रश्न आहेत. नवरात्र सोडून अन्य दिवशी, विशेषतः पावसाळा संपता संपता आलेल्यास माहूरचे डोंगर मोकळेपणी पाहता येतात.

उनकेश्वर : किनवट तालुक्यातील हे स्थान गंधकयुक्त उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथे शिवमंदिर असून शरभंग ऋषी व रामाची कथा या स्थानाशी जोडली जाते. येथील उष्णतेचा संबंध जिवंत ज्वालामुखीशी नाही. जमिनीत खोलवर मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापते आणि खडकांतील भेगांवाटे पुन्हा वर येते. म्हणूनच झऱ्याचे तपमान ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही व स्नानास हिवाळा विशेष सुखावह ठरतो. त्वचारोगांवर हे पाणी गुणकारी आहे, अशी दृढ समजूत असून रुग्ण येथे दीर्घकाळ मुक्काम करतात. गंधकाचा काही त्वचाविकारांवरील उपयोग वैद्यकास परिचित आहे. परंतु कुष्ठासारख्या रोगावर आता निश्चित औषधोपचार उपलब्ध असताना केवळ स्नानावर विसंबून कालहरण करणे अपायकारक होय.

इसापूर जलाशय : ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे धरण पुसद तालुक्यात आहे. त्याच्या कालव्यांमुळे नांदेड, हिंगोली व यवतमाळ या जिल्ह्यांतील मोठ्या क्षेत्रास पाणी मिळते. अर्धापूर भागातील केळीच्या बागा हा त्याचाच परिणाम होय. हिवाळ्यात जलाशयावर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांसारखे स्थलांतरी पाणपक्षी उतरतात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेऱ्याच्या कडा हे पक्षिनिरीक्षणाचे उत्तम स्थान असते. जलाशयाच्या परिसरास पक्षी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला आहे.

याच धरणाने खालच्या नदीचे स्वरूप पालटले. वरच्या खोऱ्यातील पावसाळी पाणी प्रथम जलाशयात साठते. तो भरल्यानंतर दरवाजे उघडले, की सहस्रकुंडास भव्य रूप येते. पाऊस अपुरा झाला, तर धबधब्याचे पाणी खालच्या पाणलोटावरच अवलंबून राहते. हिवाळा सरता सरता पात्रात केवळ डोह उरतात आणि उन्हाळ्यात तेही आटू लागतात. त्या वेळी उमरखेड, हिमायतनगर, किनवट व माहूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पात्रात पाणी सोडण्याची मागणी वारंवार करीत आली आहेत. प्यायला पाणी, गुरांना पाणी व डोहातील मासळी हा त्यांचा प्रश्न असतो. वन्य प्राण्यांनाही तेच डोह हवे असतात. कालव्यावरील शेतकऱ्याचा हक्क व पात्राकाठच्या गावाचा हक्क यांत तडजोड काढणे सोपे नाही. परंतु नदीत वर्षभर काही किमान प्रवाह राखणे हा पाणीवाटपाचाच भाग मानला गेला, तर धबधबा, अभयारण्य व गावे या तिहींचा लाभ होईल. माहूरच्या पूर्वेकडील टप्प्यात प्रस्तावित असलेल्या निम्न पैनगंगा प्रकल्पास राज्य शासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावे, शेती व वनजमीन बुडिताखाली जाणार असल्याने बाधित गावांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. पैनगंगेच्या मधल्या खोऱ्याचे पुढील स्वरूप बव्हंशी या प्रकल्पाच्या निर्णयावर ठरेल.

लातूरकडील मांजरा खोऱ्याशी तुलना केली असता पैनगंगेचे वेगळेपण ध्यानात येते. मांजरा नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून लातूर जिल्ह्यातून कर्नाटक व तेलंगणात जाते व पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ गोदावरीस मिळते. तिच्या काठी सुपीक जमीन आहे, वन जवळजवळ नाही. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. वर्षाचा मोठा काळ पात्र कोरडे असते. मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूर शहरास पाणी आणावे लागले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. अशा प्रदेशात विहार नदीकाठी न होता उंचवट्यांवर होतो. उदगीरजवळचे हत्तीबेट, चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट, खरोशाची लेणी ही तेथील लोकांची सहलीची ठिकाणे होत. (‘बेट’ हा शब्द या भागात पाण्यातील भूमीस नव्हे, तर सपाट प्रदेशात एकट्या उभ्या असलेल्या टेकडीस लावतात.) वडवळच्या बेटावर औषधी वनस्पती विपुल असून उत्तरा नक्षत्रात तेथील हवा आरोग्यदायी असते, या श्रद्धेने लोक मुक्कामास येतात. पावसाळ्याच्या अखेरीस वनस्पती फुलोऱ्यावर असण्याचा तो काळ आहे. नांदेड शहराजवळ गोदावरीवर विष्णुपुरी येथील जलाशय व काळेश्वर मंदिर, तसेच कंधारचा किल्ला व राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव ही सायंकाळच्या फेरीची स्थाने होत. नांदेड व लातूरच्या नागरिकास एका दिवसाहून अधिक काळ वनात व नदीकाठी घालवावयाचा असल्यास मात्र किनवटचीच वाट धरावी लागते.

व्यवस्थापन : पैनगंगा ही दीर्घकाळ सीमानदी राहिली आहे. पूर्वी ती निजामाचे राज्य व वऱ्हाड यांची सीमा होती. आता ती दोन जिल्हे व दोन महसूल विभाग यांची आणि पुढे दोन राज्यांची सीमा आहे. परिणामतः धबधब्याच्या एका काठावरील व्यवस्था एका जिल्ह्याकडे व दुसऱ्या काठावरील दुसऱ्याकडे आहे. वन, जलसंपदा, पुरातत्त्व व महसूल ही खाती आणि देवस्थानांचे विश्वस्त आपापल्या हद्दीपुरते काम पाहतात. पाण्याची पातळी वाढणार असल्याची सूचना दोन्ही काठांवर एकाच वेळी पोहोचली पाहिजे, एवढ्या साध्या गोष्टीसाठीही दोन जिल्ह्यांची यंत्रणा हलवावी लागते. इंग्लंडमध्ये ली नदीच्या खोऱ्याबाबत अशीच अडचण होती. लंडन, एसेक्स व हार्टफर्डशर यांच्या हद्दींतून जाणाऱ्या या नदीकाठी जुन्या खाणींचे खड्डे, कारखाने व पडीक जमीन होती. तेथे १९६६ च्या स्वतंत्र अधिनियमाने ‘ली खोरे प्रादेशिक उद्यान प्राधिकरण’ स्थापण्यात आले व त्याचा खर्च संबंधित प्रदेशांतील स्थानिक संस्थांवर वाटून दिला गेला. सु. ४,००० हे. क्षेत्रातील जलाशय, पाणथळी, पायवाटा व क्रीडास्थाने एकाच संस्थेकडे आली. पैनगंगेच्या काठी लोक राहतात, शेती करतात व वनावर उपजीविका करतात. त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा येथे आणता येणार नाही व आणूही नये. मात्र दोन्ही काठांचा एकत्र विचार करणारी, ग्रामसभांना स्थान देणारी एखादी समिती असल्यास धोक्याची सूचना, वाटाड्यांचे प्रशिक्षण, कचऱ्याची विल्हेवाट व निवासाची सोय ही कामे मार्गी लागू शकतील. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळू शकतात. वाटाडे व न्याहारी-निवास यांची व्यवस्था त्यांच्याकडे राहिल्यास पर्यटनाचे उत्पन्न खोऱ्यातच टिकेल.

दळणवळण : मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग या खोऱ्याच्या दक्षिण अंगाने जातो. हिमायतनगर, सहस्रकुंड व किनवट ही त्यावरील उपयुक्त स्थानके होत. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट व माहूर असा पक्का रस्ता असून सहस्रकुंड नांदेडपासून सु. १०० किमी.वर आहे. लातूरहून येणाऱ्यांनी नांदेडमार्गे यावे. विदर्भातून येणाऱ्यांस उमरखेड, पुसद किंवा आर्णी मार्ग सोयीचे पडतात. मुक्कामाची सोय मुख्यतः माहूर व किनवट येथे आहे. सहस्रकुंडास रात्रीचा मुक्काम न करता सूर्यास्तापूर्वी परतणे बरे. अभयारण्यात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते. पावसाळ्यात निघण्यापूर्वी इसापूर धरणाच्या विसर्गाची चौकशी करावी. पूर असताना काठावरील कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात व माहूर-किनवट भागातील काही वाटा एक-दोन दिवस बंद राहतात.